दहा मीटरवरचा अर्धा मिलिमीटर

"सर, कमी पैशांत नेमकी मारणारी रायफल कुठली?"

हा प्रश्न मला वसईत दोन प्रकारची माणसं विचारतात. एक म्हणजे पारोळ, शिरवली, उसगावकडचे शेतकरी. तुंगारेश्वरच्या जंगलातून रात्री रानडुकरं उतरतात आणि सकाळी भाजीचा वाफा नांगरल्यासारखा दिसतो. दुसरे म्हणजे विरार-नालासोपाऱ्याचे आईबाप. त्यांच्या पोराने किंवा पोरीने शाळेच्या शिबिरात एकदा एअर रायफल खांद्याला लावलेली असते आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नसतो. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, मुलांना नेमबाजीच्या स्पर्धांना नेलं, म्हणून दोघेही माझ्याकडे येतात. पण दोघांना उत्तर एकच देता येत नाही.

शेतकऱ्याला मी स्पष्ट सांगतो की शिकारीची रायफल हा विषय आपल्या देशात संपलेला आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आणली आणि १९९१च्या दुरुस्तीने उरलेल्या वाटाही बंद केल्या. तुंगारेश्वर तर २००३पासून अभयारण्य आहे. पिकाचं नुकसान झालं की वनखात्याकडे पंचनामा आणि भरपाईचा अर्ज, हाच रस्ता. एखादं जनावर मारावंच लागणार असेल, तर तो निर्णय अधिकार असलेल्या वनाधिकाऱ्याचा आणि परवानगी लेखी. आजोबांच्या परवान्यावरची जुनी बंदूक घरात आहे म्हणून ती परवानगी आपोआप मिळत नाही. आणि छर्ऱ्याची बंदूक घेऊन भुईगावच्या खाजणात बगळे, पाणकोंबड्या टिपणारी जी पोरं असतात त्यांच्या पालकांनाही हेच लागू आहे. बंदुकीला परवाना लागत नाही म्हणून पक्षी मारायला मोकळीक मिळाली, असा अर्थ होत नाही. पक्ष्यांवर नेम धरणाऱ्या मुलाला मी शिकवत नाही, मग त्याचा हात कितीही स्थिर असो.

आता दुसऱ्या प्रश्नकर्त्याकडे येतो, कारण तिथे खरंच निवड करायची असते आणि पैसे मोजके असतात.

आधी नेम म्हणजे किती बारीक गोष्ट आहे ते पाहा. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्याचा पूर्ण व्यास ४५.५ मिलिमीटर. त्याच्या मध्यभागी दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा असतो आणि त्याची कड ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडलं पाहिजे. त्यापुढे प्रत्येक पाव मिलिमीटर आत गेलं की गुणाचा एक दशांश वाढतो, १०.९पर्यंत. आता रायफलीवर या. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर साधारण ८० सेंटिमीटर धरा. डोळ्याची रेषा तिथे फक्त ०.२ मिलिमीटरने चुकली, तर दहा मीटरवर छर्रा अडीच मिलिमीटर सरकतो आणि दहाचे नऊ होतात. हे गणित मी फळ्यावर मांडतो तेव्हा आईबापांचा चेहरा बदलतो. 'पॉवरफुल' रायफल हवी, असं म्हणत आलेला माणूस गप्प होतो. स्पर्धेच्या रायफलीतून छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने निघतो. त्याहून जास्त ताकदीचा या खेळात काही उपयोग नाही. उपयोग आहे तो प्रत्येक छर्रा अगदी सारख्या वेगाने निघण्याचा.

बाजारात ढोबळमानाने दोन जाती मिळतात. पहिली स्प्रिंगची. नळी मोडून किंवा खालचा दांडा ओढून स्प्रिंग ताणायची, ट्रिगर दाबला की पिस्टन पुढे धावतो आणि हवा छर्ऱ्याला ढकलते. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच पिस्टनचा धक्का रायफलीला हलवून गेलेला असतो. त्यामुळे पकड दर वेळी तंतोतंत तशीच हवी, नाहीतर छर्रे पसरतात. दुसरी जात कॉम्प्रेस्ड एअरची, बोलीत पीसीपी. हिच्या नळीखाली सिलिंडर असतो, साधारण २०० बार दाबाने भरलेला, आणि आतला रेग्युलेटर दर शॉटला सारखाच दाब देतो. धक्का जवळपास नाही. गंभीर स्पर्धक हीच वापरतात.

भारतीय बनावटीची स्प्रिंग रायफल काही हजारांत येते. प्रेसिहोल ही आपल्याच मुंबई-ठाणे पट्ट्यातली कंपनी, आणि या किमतीत नळीचं काम नीट केलेली रायफल मिळू लागली ही मला मोठी गोष्ट वाटते. परदेशी पीसीपी घ्यायची म्हटली तर हेमरली एआर २० सारखी सुरुवातीची रायफलसुद्धा लाखाच्या घरात जाते. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, आनशुट्झ यांच्या वरच्या मॉडेलांना त्याच्या दुप्पट-तिप्पट मोजावे लागतात. नालासोपाऱ्यात भाड्याने राहणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या बापाला हा आकडा सांगताना माझा आवाज खाली जातो.

म्हणून माझा पहिला सल्ला विकत घेण्याचा नसतो. पहिलं वर्ष क्लबची रायफल वापरा. शालेय स्पर्धांमध्ये ओपन साइट (उघड्या खाचेची) आणि पीप साइट (बारीक भोकाची) असे वेगळे गट असतात. ओपन साइटच्या गटात साध्या रायफलीवर मुलाचा पाया तयार होतो. कॉलेजात एनसीसी असेल तर .२२ रायफल हाताळायला मिळते. अंजली भागवत यांची नेमबाजी मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीतूनच सुरू झाली आणि २००० साली त्या सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोचल्या. कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे २०१५ साली रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला आणि त्या नोकरीच्या आधारावर त्याने स्वतःची पहिली रायफल घेतली. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये त्याने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. म्हणजे नोकरी लागेपर्यंत तो दुसऱ्याच्या रायफलीवर शिकला होता. हे मी पालकांना आवर्जून सांगतो, कारण रायफल नाही म्हणून मूल मागे पडेल ही भीतीच त्यांना कर्जाकडे ढकलते.

वर्षभराने मूल टिकलं, तर मग खरेदी. आधी डोळा तपासा. दोन्ही हातांच्या बोटांचा त्रिकोण करून त्यातून लांबची खूण बघायला सांगा, मग एकेक डोळा मिटायला सांगा. जो डोळा उघडा असताना खूण जागेवर राहते तो मुख्य डोळा. उजव्या हाताच्या कितीतरी मुलांचा मुख्य डोळा डावा निघतो. हे आधी कळलं तर रायफल कुठल्या बाजूची घ्यायची, की डावा डोळा झाकायची पट्टी लावायची, हे प्रशिक्षकाशी बोलून ठरवता येतं.

मग वजन. नियमाने एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, पण बारा वर्षांच्या मुलीच्या हातात मोठ्या माणसाची रायफल दिली की ती कंबर मागे टाकून उभी राहते आणि पाठ दुखू लागते. ज्युनियर रायफल हलकी असते आणि तिची खांद्याला टेकणारी बट प्लेट, गालाला टेकणारा चीक पीस मुलाच्या वाढीबरोबर सरकवता येतात. दुकानात मुलाला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगा. मग डोळे उघडू द्या. मान न वाकवता डोळा मागच्या साइटच्या भोकासमोर आला, तर ती रायफल त्याच्या अंगाची आहे. मान वाकडी करावी लागत असेल आणि बट सरकत नसेल, तर कितीही स्वस्त असो, ठेवून द्या. दोन रायफलींपैकी एकीची नळी चांगली आणि दुसरी अंगाला बसणारी असेल, तर मी दुसरी घ्यायला सांगतो. आजच्या बहुतेक नळ्या शिकाऊ मुलापेक्षा अचूकच असतात.

ट्रिगरवर मात्र तडजोड नको. पहिला टप्पा बोटाला स्पष्ट लागला पाहिजे, तिथे थांबता आलं पाहिजे आणि त्यानंतर किंचित दाबाने शॉट सुटला पाहिजे. खरखरणारा, लांबत जाणारा ट्रिगर मुलाला झटका द्यायची सवय लावतो आणि ती सवय काढायला वर्ष जातं.

पीसीपी वापरलेली घेणं हा मध्यम बजेटवाल्यांचा खरा मार्ग आहे. चांगली ठेवलेली मॅच रायफल अनेक वर्षं चालते. पण सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. मॅच रायफलींच्या सिलिंडरांची मुदत साधारणपणे उत्पादनापासून दहा वर्षं असते आणि स्पर्धेत सिलिंडर मुदतीत आहे की नाही याची जबाबदारी खेळाडूची. स्वस्तात मिळणाऱ्या रायफलीचा सिलिंडर वर्षभरात बाद होणार असेल तर नव्याची किंमत सौद्यात धरा. सिलिंडर भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी गेजवरचा आकडा पाहा. उतरला असेल तर सील गळतंय. मग रायफल टेकूवर घट्ट ठेवून दहा मीटरवर एकाच कागदावर पाच-पाच छर्ऱ्यांचे ग्रुप पाडा. छर्रे एकमेकांत मिसळून एकच छिद्र झालं पाहिजे. छिद्र खालीवर लांबट होत असेल तर बहुधा वेग बदलतोय, रेग्युलेटर तपासा. आडवं पसरत असेल तर स्टॉकचे स्क्रू, साइट आणि स्वतःची पकड बघा.

छर्ऱ्यांचा खर्च लोक हिशोबातच धरत नाहीत. सामना ६० शॉटचा असतो. रोज शंभर छर्रे मारणाऱ्या मुलाचा पाचशेचा डबा पाच दिवसांत संपतो. मॅचचे छर्रे पुढून सपाट असतात आणि ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत मिळतात. कुठल्या नळीला कुठलं माप मानवतं हे मारून पाहिल्याशिवाय कळत नाही. मानवलेला डबा सापडला की त्याच लॉटचे जमतील तेवढे घ्यावेत. माझ्या मते ज्याच्याकडे एक लाख आहेत त्याने साठ-सत्तर हजारांत रायफल बसवावी आणि उरलेले छर्रे, नेमबाजीचं जॅकेट आणि प्रवासासाठी ठेवावेत. कपाटात पडून राहिलेल्या महागड्या रायफली मी पाहिल्यात, छर्ऱ्यांना पैसे नाहीत म्हणून. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही, हेही मी ओरडून सांगतो.

कागदपत्रांचं म्हणाल तर ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७पर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. त्यावरची घेऊ नका, तिला परवाना लागतो. खरेदीला ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्या आणि बिल रायफलीच्या पिशवीतच ठेवा. बिलाची एक प्रत आणि क्लबचं ओळखपत्र मुलाच्या दप्तरातही असू द्या. विरारहून सकाळच्या गाडीत मीटरभर लांबीची पेटी घेऊन चढणाऱ्या मुलीला फलाटावर पोलिसाने विचारणं स्वाभाविक आहे. तिने न घाबरता कागद दाखवावेत. वरळीच्या रेंजला जायचं तर पेटीसाठी गाडीतली गर्दी टाळून लवकरची गाडी पकडावी लागते. पनवेलला सुमा शिरूर यांच्या लक्ष्य क्लबमध्ये शिकायचं असेल तर वसई रोडहून दिव्यामार्गे पनवेलची गाडी आहे, पण तिच्या फेऱ्या मोजक्या. सुमाताईंनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत ४००पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. ज्यांना रोज जाणं जमत नाही त्यांनी घरी बिनछर्ऱ्याचा सराव करावा. वन बीएचकेत दहा मीटर मिळत नाहीत, पण पाच मीटरवर अर्ध्या मापाचं लक्ष्य भिंतीला लावलं की डोळ्याला ते तेवढंच दिसतं. पीसीपीत त्यासाठी ड्राय फायरची सोय असते. स्प्रिंगची रायफल मात्र रिकामी कधीच उडवू नका, पिस्टन आपटून आतलं सील फुटतं.

रुद्रांक्ष पाटील २०२२च्या ऑक्टोबरमध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. तो ठाण्याचा, आणि त्याचे वडील बाळासाहेब पाटील तेव्हा आपल्या पालघर जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक होते. त्यानंतर माझ्याकडे येणारे पालक त्याच्यासारखीच रायफल मागू लागले. त्यांना मी अभिनव बिंद्राची हकीकत सांगतो. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीच्या तोंडावर सरावाचे शॉट मारताना त्याच्या लक्षात आलं की साइट सरकलेली आहे. हातात जगातली उत्तम रायफल, आणि छर्रा भलतीकडे. त्याने तिथल्या तिथे साइट पुन्हा बसवली आणि सुवर्णपदक जिंकलं. साइटच्या नॉबचे किती क्लिक फिरवले की दहा मीटरवर छर्रा किती सरकतो, हे माझ्या मुलांना पाठ असावं लागतं. ते शिकायला कुठलीही रायफल चालते.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट पुण्या-नाशिकपेक्षा वेगळी आहे ती म्हणजे हवा. अर्नाळा, रानगाव, कळंब, जिथे समुद्र वाऱ्यातून घरात येतो, तिथे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत लोखंडाला आठवड्याभरात गंज धरतो. पेटीतला स्पंज दमट हवा शोषून रायफलीला चिकटवून ठेवतो. पावसाळ्यात रायफल पेटीत बंद ठेवू नका. घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, लोखंडी भागांवर तेलाचा हलका हात फिरवा आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कुलूप लावून उभी ठेवा. नळीत लोखंडी गज घालू नका, सफाईच्या फेल्टच्या गोळ्या मिळतात त्या वापरा. हातपंपाने सिलिंडर भरत असाल तर पंपातला ओलावा काढणारा फिल्टर बदलत राहा, नाहीतर आपल्याकडचं दमट वारं सिलिंडरमध्ये पाणी होऊन बसतं. रेंजवर भरायची सोय असेल तर तिथेच भरा. आणि पावसाळा संपला की पहिल्या सरावाला ग्रुप पुन्हा पाडून बघा. लाकडी स्टॉकचे स्क्रू बहुतेक वेळा थोडे सैल झालेले असतात.