किरणांचं मूळ ताऱ्यांत

हडपसरच्या आमच्या बचत गटांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कॅन्सरसाठी ‘लाईट’ घेऊन आलेल्या बाईच्या मांडीवर लेकरू द्यावं का? तिचं ताट वेगळं ठेवावं का? किरणं म्हटलं की माणसानं काढलेलं विष, असं आपल्याला वाटतं. म्हणून आज त्यांचं मूळच पाहू.

काही अणूंचा गाभा टिकाऊ नसतो. तो आपोआप बदलतो आणि बदलताना किरणं सोडतो. असे अणू किरणोत्सारी. त्यांतले कितीतरी मोठ्या ताऱ्यांत घडले.

सूर्याच्या पोटात हायड्रोजनचा हेलियम होतो. सूर्याच्या आठपटीहून जड ताऱ्यात भट्टी आणखी तापते. मग कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, असं करत लोखंडापर्यंत मजल जाते. पुढे सरपण उरत नाही. गाभा स्वतःच्याच भारानं क्षणात खचतो आणि ताऱ्याचा स्फोट होतो. त्या धगीत निकेल-५६ तयार होतं. सहा दिवसांत त्यातलं निम्मं कोबाल्ट-५६ होतं. कोबाल्ट ७७ दिवसांत निम्मं होतं आणि त्याचं लोखंड बनतं.

ज्वारीच्या लाह्या आठवा. कोणता दाणा कधी फुटेल सांगता येत नाही, पण निम्मे किती वेळात फुटतील याचा अंदाज असतो. अणूंचंही तसंच, फक्त त्यांना जाळ लागत नाही. फेब्रुवारी १९८७ मध्ये शेजारच्या दीर्घिकेत असा तारा फुटलेला दिसला. काही महिन्यांनी त्याचा उजेड कोबाल्टच्या याच हिशोबानं मंदावत गेला.

तारे मूलद्रव्यं कशी घडवतात, हे १९५७ मध्ये चौघांनी एका लेखात मांडलं. त्यात पहिलं नाव मार्गारेट बर्बिज या बाईंचं. त्याच चौघांतल्या फ्रेड हॉइल यांच्याकडे आपले जयंत नारळीकर शिकले. पुढे त्यांनी पुण्यात ‘आयुका’ ही संस्था उभी केली.

ताऱ्यांतलं पोटॅशियम-४० तर आपल्या ताटात आहे. ते निम्मं व्हायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात, म्हणून अजून उरलंय. केळं, बटाटा, डाळ यांतून ते पोटात जातं. मोठ्या माणसाच्या अंगात त्याचे सुमारे चार हजार अणू दर सेकंदाला बदलतात. म्हणजे थोडी किरणं आपल्या सगळ्यांतच आहेत.

आता मूळ प्रश्न. मशीननं बाहेरून लाईट घेतलेली बाई किरणोत्सारी होत नाही. मशीन थांबलं की किरणं थांबली. तिच्या मांडीवर लेकरू खुशाल द्या, ताटही एकच ठेवा. किरणोत्सारी औषध पोटात दिलं असेल किंवा अंगात काही ठेवलं असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस जपायचं. थायरॉइडसाठी देतात ते किरणोत्सारी आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं, पुढच्या आठांत त्याचंही निम्मं. ते दिवस मोजायचे, बाईला वाळीत टाकायचं नाही.