थैली जड की नाणी?

चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडे निघालात, की पायथ्याशी पोफळी लागते. इथल्या डोंगराच्या पोटात १९६२ साली कोयनेचे वीजघर सुरू झाले. अशा गावच्या दुकानदाराने गल्ल्यातली पाच रुपयांची नाणी मोजण्याऐवजी पिशवीसकट काट्यावर ठेवली, असे समजा. २०११ च्या मालिकेतले नाणे ६ ग्रॅमचे. शंभरांचे ६०० ग्रॅम. पण पिशवीच ३० ग्रॅमची असली, तर हिशेबात पाच नाणी, म्हणजे पंचवीस रुपये, नसलेले जमा होतील! म्हणून जाणता व्यापारी आधी पिशवीचा धडा करतो. जुना चांदीचा रुपया तर स्वतःच तोळ्याचे वजन होता : १८० ग्रेन.

हाताचा काटा मात्र फार लबाड! काही नाणी लहान पुरचुंडीत बांधा, काही मोठ्या डब्यात ठेवा. दोन्हींचे एकूण वजन काट्यावर सारखे करा. उचलून पाहाल, तर पुरचुंडीच जड वाटेल. फ्रेंच वैद्य शार्पांतिए यांनी हा भ्रम १८९१ साली नोंदवला. गंमत अशी, की खरे वजन ठाऊक असूनही तो जात नाही.

तेव्हा ताईंनो, यंदा भाऊबिजेची ओवाळणी हातात तोलू नका, सोडून मोजा!