गटातटाच्या गावात बिनपक्षाचा अभ्यासगट : कशासाठी, कसा आणि त्यात आपण का जायचं?

मानवत : ग्रामसभेची नोटीस लागते. वेळ सकाळी अकराची. साडेअकरापर्यंत सरपंच, ग्रामसेवक, शिपाई, चार-दोन सदस्य आणि पाच-पंधरा माणसं जमतात. बारा वाजता रजिस्टरवर ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’ असं लिहून सगळे उठतात. तहकूब सभा पुन्हा कधी झाली, कोण होतं, काय ठरलं, हे आपल्याला पंधरा दिवसांनी हॉटेलवर चहा पिताना कळतं. तोवर ठराव झालेला असतो. ‘आम्हाला कुणी विचारलंच नाही’ म्हणत आपण घरी जातो.

हे कुण्या एका गावाचं चित्र नाही. केकरजवळा असो, कोल्हा असो, ताडबोरगाव असो की रामपुरी, वाचणाऱ्याला आपापलं गाव आठवेल. पण यातली एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ग्रामसभेला गावातल्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल तेवढे हजर लागतात. दोन हजार मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे ३००, पण १०० हा आकडा कमी, म्हणून १०० पुरतात. चारशे मतदारांच्या वाडीत ६० पुरतात. आणि सभा एकदा तहकूब झाली, की पुढच्या सभेला गणपूर्तीची अटच राहत नाही. म्हणजे आपण गेलो नाही म्हणून सभा थांबत नाही. ती आपल्याशिवाय होते, एवढंच.

मग जायचं का? जायचं, पण एकट्याने गेलं की पंचाईत होते. एखाद्याने उभं राहून ‘नालीच्या कामाला किती खर्च आला?’ असं विचारलं, की दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, ‘हा तिकडच्या गटाचा.’ प्रश्न बाजूला राहतो आणि माणसाचा गट कोणता यावर चर्चा सुरू होते. म्हणून प्रश्न एकट्या माणसाचा न राहता, कुठल्याच पक्षाच्या नसलेल्या एका गटाचा असावा लागतो. असे गट महाराष्ट्रात चाललेले आहेत. ते कसे चालतात आणि आपल्या तालुक्यात तसं काही करायचं तर काय करावं लागेल, ते पाहू.

मेंढा गावाने काय केलं?

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही दोन नावं या कामाशी जोडलेली आहेत. घोषणा सगळ्यांच्या लक्षात राहिली, पण घोषणेमागची शिस्त फार कमी जणांनी पाहिली.

त्या गावाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. एक ग्रामसभा आणि दुसरा अभ्यासगट. अभ्यासगटात ज्याला रस आहे त्याने बसायचं. बाहेरचा जाणकारही येऊन बसू शकतो. जंगल, बांबू, मध, कायदा, जो विषय असेल त्याची माहिती काढायची, वाचायची, त्यावर वाद घालायचा. मात्र निर्णय अभ्यासगटाने घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेने घ्यायचा, तोही सर्वसहमतीने. म्हणजे सभेत येणारा माणूस विषय समजून येतो आणि अभ्यास केलेला माणूस गावावर हुकूम चालवत नाही.

याचा फायदा दिसला. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. पुढे बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना कुणी द्यायचा, यावर गाव अडून बसलं आणि २०११ मध्ये तो अधिकारही ग्रामसभेकडे आला. कायद्याचं कलम गावाला माहीत होतं, म्हणून गाव अडून बसू शकलं.

आपल्याकडे जंगल नाही, कापूस-सोयाबीन आहे. विषय वेगळे असतील, पण आधी अभ्यास आणि मग सभा ही पद्धत इथेही तशीच लागू पडते.

शहरातला अनुभव

पुण्यात सजग नागरिक मंच आहे. विवेक वेलणकर आणि त्यांचे सहकारी महापालिकेची कागदपत्रं मागवून ती नागरिकांपुढे ठेवतात. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांनी कार्यालयात जाऊन कागद पाहावेत, ही पद्धत आधी पुणे महापालिकेत रूढ झाली. नंतर २०१८ मध्ये राज्य शासनाने परिपत्रक काढून जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी ती लागू केली. म्हणजे मानवत नगर परिषदेतली एखाद्या कामाची फाईल बघायची असेल, तर सोमवार दुपारचा हा रस्ता मानवतकरांनाही आहे. तो वापरायला माणसं मात्र हवीत.

दुसरं उदाहरण आपण दर निवडणुकीला पाहतो, पण कुणामुळे झालं ते विसरतो. उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि त्याच्यावरचे गुन्हे शपथपत्रात लिहावे लागतात. हे आपोआप झालेलं नाही. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतल्या काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ नावाचा गट करून दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये सांगितलं, की उमेदवाराची माहिती मिळणं हा मतदाराचा हक्क आहे. कुठल्याच पक्षाला हे नको होतं. मूठभर बिनपक्षाच्या लोकांनी ते करून घेतलं.

‘बिनपक्षाचा’ म्हणजे काय?

इथे एक गैरसमज काढून टाकू. बिनपक्षाचा गट म्हणजे ज्यांना मतच नाही अशा लोकांचा गट नव्हे. गटातला प्रत्येक जण मतदान करतो, प्रत्येकाची आवडनिवड असते, कुणाचा भाऊ उमेदवार असतो तर कुणाचे मामा माजी सदस्य. गावात नात्यागोत्याबाहेरचा माणूस आणायचा तरी कुठून? बिनपक्षाचं असायचं ते गटाचं काम, आणि त्याची खूण साधी आहे. एकच प्रश्न सगळ्यांना विचारायचा. आजच्या सरपंचाला विचारलेला प्रश्न मागच्या सरपंचाच्या कारकिर्दीलाही लावायचा. कुणाला मत द्या हे सांगायचं नाही, मत देण्याआधी काय पाहा एवढंच सांगायचं.

वाचायचं काय?

‘अभ्यास’ म्हटलं की माणूस बिचकतो. पण सुरुवातीला चारच विषय पुरेत.

१. पैसा. उदाहरण घेऊ. पंधराव्या वित्त आयोगाचा ग्रामपंचायतींचा निधी (२०२१-२२ ते २०२५-२६) ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित होता. बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छता यावरच खर्चायचा. समजा गावाला १० लाख आले, तर ६ लाख पाणी-स्वच्छतेचे आणि ४ लाख इतर कामांचे. आता सभेत कुणी म्हणालं, ‘दहा लाख आले, मग रस्ता का नाही?’ तर उत्तर सोपं आहे, ‘त्यात बसत नाही.’ प्रश्न विचारणारा गप्प होतो. पण ‘बंधित सहा लाखांतून पाण्याच्या टाकीला किती गेले?’ असं विचारलं, तर कागद काढावाच लागतो. प्रत्येक निधीच्या अटी निराळ्या असतात, त्या सभेआधी वाचणं हेच गटाचं काम. गावाचा विकास आराखडा आणि झालेला खर्च ‘ईग्रामस्वराज’ या सरकारी संकेतस्थळावर मोबाईलवरही दिसतो.

२. सभा. ग्रामसभा वर्षात किमान चार व्हायला हव्यात. पूर्वापार २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा किंवा त्यांच्या आसपासचे दिवस ठरलेले आहेत. नोटीस सात दिवस आधी लागते आणि तिच्यावर विषय लिहिलेले असतात. ते सात दिवस म्हणजेच अभ्यासाचे दिवस. शहरात ग्रामसभा नाही, पण नगर परिषदेची सर्वसाधारण सभा आणि अर्थसंकल्प आहे. सभेचं इतिवृत्त मागता येतं.

३. मतदार यादी. नाव नोंदवायला अर्ज क्रमांक ६, दुरुस्ती किंवा पत्ता बदलायला ८, नाव वगळण्यासाठी ७. वर्षातून चार तारखा धरून, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, १८ वर्षं पूर्ण होणाऱ्यांची नोंद होते. ग्रामपंचायत किंवा नगर परिषदेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच प्रभागनिहाय केली जाते. म्हणून निवडणूक लागल्यावर ‘माझं नाव कुठं गेलं?’ म्हणत धावण्यात अर्थ नसतो. आधीच बीएलओकडून यादी घेऊन मयत, दुबार आणि राहिलेली नावं पाहायची. सून म्हणून आलेल्या मुली आणि ऊसतोडीला गेलेली कुटुंबं यांची नावं आवर्जून तपासायची.

४. माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात हा कायदा २००२ मध्ये आला, देशात २००५ मध्ये. साधा अर्ज, १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. उत्तर ३० दिवसांत. नाही आलं तर त्याच कार्यालयात प्रथम अपील, त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आपल्यासाठी आयोगाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे.

इथे एक खरी अडचण बोलून टाकली पाहिजे. काही लोकांनी अर्ज टाकून तोडपाणी केलं, त्यामुळे ‘माहिती अधिकारवाला’ हा शब्दच गावोगावी बदनाम झाला. यावर उपाय एकच. अर्ज कशासाठी टाकतोय ते गटात आधी ठरवायचं आणि आलेलं उत्तर सभेत सगळ्यांसमोर वाचायचं. काम चांगलं झालेलं निघालं, तर तेही तितक्याच मोठ्याने वाचायचं.

गटात जाण्याआधी काय तपासायचं?

तुमच्या गावात किंवा मानवत शहरात कुणी असा गट सुरू करत असेल, तर आत जाण्याआधी एवढं विचारा :

– चहा-पाण्याचा, हॉलचा खर्च कोण करतो? उमेदवार किंवा ठेकेदार करत असेल तर उठून या.
– गट निवडणुकीनंतरही बसतो का? फक्त निवडणुकीच्या तोंडावर जागा होणारा गट बहुतेकदा कुणाच्यातरी प्रचाराचा असतो.
– गटातला कुणी उभा राहणार असेल तर तो पदावरून बाजूला होतो का?
– हिशेब आणि बैठकीची वही कुणालाही दाखवतात का?
– बाया, भूमिहीन, वाडी-तांड्यावरची माणसं बैठकीला असतात का, की नेहमीचेच आठ जण?

गटच नसेल तर पाच-सात जणांनीही सुरू करता येतो. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९व्या कलमाने दिलेला आहे. नुसतं बसून वाचायला नोंदणी लागत नाही. वर्गणी गोळा करायची, खातं उघडायचं असेल तेव्हा संस्था नोंदणीचा विचार करा, त्याला किमान सात सभासद लागतात. सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी आपले सेवानियम आधी पाहावेत.

‘कोण वाईट होणार?’

शेवटी सगळं येऊन याच वाक्यावर थांबतं. ‘आपल्याला काय करायचंय, कोण वाईट होणार?’ ही भीती खोटी नाही. उद्या दाखला लागतो, घरकुलाची यादी लागते, विहिरीचं अनुदान लागतं. ज्याच्याशी वाकडं घेतलं त्याच्याच दारात जावं लागतं. म्हणूनच प्रश्न एकट्याचा नको. दहा जणांच्या सहीने गेलेल्या लेखी प्रश्नाचा राग एकाच माणसावर काढता येत नाही. आणि प्रश्न ‘तुम्ही पैसे खाल्ले का?’ असा नसून ‘या कामाचं मोजमाप पुस्तक दाखवाल का?’ असा असेल, तर समोरच्यालाही चिडायला जागा राहत नाही.

बायांसाठी तर कायद्याने वाट करून दिलेली आहे. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. अनेक ठिकाणी ती फक्त सह्या गोळा करून कागदावर होते. गटातल्या चार बायांनी ठरवलं, ‘सही करू, पण सभेत बसूनच,’ तरी पुष्कळ फरक पडेल. पिण्याच्या पाण्याचा आणि रेशनचा प्रश्न त्यांच्याइतका नेमका कुणाला सांगता येणार?

तेव्हा पुढची नोटीस लागली, की मोबाईलमध्ये तिचा फोटो काढा. शेजारच्या चौघांना पाठवा. सात दिवसांत एक संध्याकाळ मंदिराच्या ओट्यावर किंवा शाळेच्या व्हरांड्यात बसा, नोटिशीतला एकच विषय घ्या आणि त्यावर दोन प्रश्न लिहून काढा. सभेला वेळेवर जा आणि सभा तहकूब झाली तर पुढची तारीख तिथेच विचारून घ्या. त्या तारखेलाही जा.