चार रात्री बेंजोच्या मागे

मुंबईत गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारी बेंजो पार्टी एकदाच ऐकली तर डोक्यात नुसता गोंगाट उरतो. मीही बरीच वर्षं त्याच मताचा होतो. मग एका गणपतीत घराखालून लागोपाठ चार संध्याकाळी चार पार्ट्या गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, आपल्याला वाद्यं सुटी सुटी ऐकू यायला लागलीत. तेव्हापासून विचारणाऱ्याला एवढंच सांगतो, ऐकायचं तर सलग ऐका. 2026 मध्ये चतुर्थी सोमवारी, 14 सप्टेंबरला आहे. शनिवार-रविवारी मंडळांची आगमनं, सोमवारी घरचे गणपती, मंगळवारी दीड दिवसाचं विसर्जन. चार रात्री आयत्या जुळून आल्यात.

पहिल्या रात्री लालबाग-परळकडे जा आणि फक्त बेंजोवाल्याचे हात बघा. अमेरिकेतल्या कातडी मढवलेल्या बँजोचं आणि याचं नातं नावापुरतंच. हे वाद्य मूळचं जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 साली तंतुवाद्यावर टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या, ते ‘ताइशोगोतो’. आपल्याकडे ते बुलबुल तरंग म्हणून रुळलं. त्याला पिकअप बसवून वायर ॲम्प्लिफायरला जोडली की झाला मुंबईचा बेंजो. डाव्या हाताने कळ दाबली की ती तारांवर टेकते, तारेचा वाजणारा भाग आखूड होतो आणि सूर चढतो. उजव्या हातात तार छेडायची नखी. मुख्य तारा एकाच सुरात लावलेल्या असतात, म्हणून एका कळीतूनही आवाज भरीव निघतो.

आता वादकाची खरी अडचण बघा. कळ दाबली की सूर ठरला, सतारीसारखी तार ओढून मींड घ्यायची सोय नाही. शिवाय छेडलेली तार लगेच विरते. मग गाण्यातली लांबलचक ओळ वाजवायची कशी? नखी तारेवर इतक्या वेगाने पुढे-मागे फिरवायची की तुटक आघात ऐकणाऱ्याला एकसंध वाटावेत. बेंजोचा तो थरथरता, किंचित रडवेला आवाज असा गरजेतून आलाय. वादकाची पारखही इथेच होते. कच्च्या हाताची थरथर सगळीकडे सारखी असते, पक्क्या हाताची गाण्याच्या शब्दागणिक कमी-जास्त होते. हे कळायला मला दोन गणपती लागले.

एक सूचना, स्पीकरच्या थेट समोर उभं राहू नका. मी राहिलो होतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानात शिट्टी वाजत होती. स्पीकर ठेवलेल्या गाडीच्या मागे, थोडं तिरकं चाला. कापसाचे बोळे खिशात असू द्यात.

दुसऱ्या रात्री बेंजो विसरा, ताल ऐका. कच्छी ढोल खालचा भार उचलतो, ताशा वरून कडकडतो आणि स्टँडवरचा ऑक्टोपॅड मधल्या फटी भरतो. रोलँड कंपनीने 1985 साली बाजारात आणलेल्या या वाद्याला आठ चौकोनी पॅड असतात, प्रत्येकात हवा तो आवाज भरता येतो. म्हणून एकच माणूस ढोलकीही होतो आणि झांजही. पायाने मोजून बघा. कोळीगीत चालू असेल तर सहाचा झोका सापडेल, हिंदी गाणं सुरू झालं की बहुधा चार-आठची सरळ चाल. एका झोक्यातून दुसऱ्यात जाताना पार्टीची परीक्षा असते. म्होरक्या हात वर करतो, बेंजो एका सुरावर थरथरत थांबतो, तालवाले तोड वाजवतात आणि समेवर सगळे नव्या गाण्यात पडतात. तयारी नसलेली पार्टी नेमकी इथे सांडते. नाचणाऱ्यांना पत्ताही लागत नाही, म्हणून ऐकणाऱ्याने बघावं.

सोमवारी फार फिरू नका. गल्लीत घरगुती गणपतीपुढे दोन-तीन जणांचा लहान संच वाजवत असेल तर तिथे थांबा. वाद्यं कमी, त्यामुळे चुका लपत नाहीत आणि हुन्नरही लपत नाही.

मंगळवारी चर्नी रोडला उतरून गिरगाव चौपाटीच्या रस्त्याला लागा. आता तीन रात्रींचे कान तयार आहेत. दोन पार्ट्या एकामागोमाग आल्या तर एकच गाणं दोघांकडून ऐकायला मिळण्याची शक्यता मोठी. सुपारी घेताना मंडळं त्या वर्षीची चलतीची गाणी मागतात, तेव्हा फरक वाजवण्यातच शोधायचा. रवी जाधव यांच्या 2016 च्या ‘बँजो’ चित्रपटात रितेश देशमुखने हे वाद्य वाजवताना जो रुबाब केला, तो रस्त्यावर फारसा दिसत नाही. दिसतात ती जनरेटरची गाडी ढकलत, घामाने भिजलेल्या एकसारख्या टी-शर्टांत चालणारी पोरं.

आणि लवकर निघा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक आणि वाद्यं बंद ठेवावी लागतात. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण त्यात कोणते दिवस येतात ते दरवर्षी बघून घ्यायला हवं. सूट नसलेल्या दिवशी रंगात आलेलं गाणंही कडव्याच्या मधोमध तोडावं लागतं.

वाजवणं आवडलं तर टी-शर्टच्या पाठीवर किंवा गाडीच्या बॅनरवर मोबाइल नंबर आहे का बघा आणि टिपून घ्या. पुढच्या हळदीला उपयोगी पडेल.