भुकटीतून पुन्हा नारळाचे दूध

नारळाचे दूध हे पायस आहे, म्हणजे पाण्यात विखुरलेल्या तेलाच्या सूक्ष्म थेंबांभोवती प्रथिनांचे पातळ आवरण असल्यामुळे ते थेंब काही काळ एकत्र येत नाहीत. डबाबंद दूध टिकावे म्हणून ते १०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला निर्जंतुक केले जाते आणि साय वेगळी होऊ नये म्हणून त्यात बहुधा गवार डिंक घातला जातो. भुकटीसाठी मात्र दुधाचा बारीक फवारा तप्त हवेत सोडून पाणी उडवतात, आणि उरलेले तेल चिकटून गोळा होऊ नये म्हणून त्याआधीच दुधात माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिष्टापासून केलेले जवळजवळ बेचव कर्बोदक, मिसळतात. काही भुकट्यांत गाईच्या दुधातील सोडियम केसिनेट हे प्रथिनही असते, त्यामुळे प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य असणाऱ्यांनी वेष्टनावर ‘सेंद्रिय’ लिहिलेले असले तरी घटकांची यादी वाचलीच पाहिजे.

खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, म्हणून भुकटी कोमट पाण्यात घोटून आधी दाटसर करावी, मग हवी तेवढी पातळ करावी. हे दूध रश्शात शेवटी घालून मंद आचेवर ठेवावे, कारण खळखळून उकळल्यास प्रथिने साकळून ते फुटू शकते. सोलकढीला मात्र ओल्या नारळाचा ताजा रसच हवा, कारण वाळवताना त्याचा नाजूक सुगंध बराचसा उडून जातो.