अलिबाग-मुरूडकरांनो, घरासाठी हायब्रिड एसयूव्ही बघताय?

शनिवारची सकाळ. वडखळपासून पोयनाडपर्यंत गाड्यांची रांग. स्ट्राँग हायब्रिडचा खरा फायदा कळतो तो इथेच. २०२२ साली आलेल्या टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारामध्ये १.५ लिटरच्या पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड आहे. गाडी रांगत असताना इंजिन बऱ्याच वेळा बंदच राहतं आणि एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालत असल्याने मागे आजी-नातवंडांना गारवा मिळत राहतो. चार्जर शोधायची भानगड नाही. कार्लेखिंड उतरताना गिअर ‘बी’वर टाका, उताराचा जोर बॅटरीत जमा होतो.

कागदावर मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर. एवढं रस्त्यावर धरून चालू नका. मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात फायदा कमी, गर्दीत जास्त.

डिकीचं मात्र आधी बघा. बॅटरी तिथेच खाली असल्याने जागा साध्या मॉडेलपेक्षा कमी. गावाहून नारळ, तांदळाचं पोतं आणणाऱ्या घराने शोरूममध्ये सामान ठेवूनच बघावं.

आणखी एक, आपल्या किनाऱ्यासाठी फार महत्त्वाचं. बॅटरीला थंड ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. काशिदहून परतताना ओले टॉवेल, वाळूच्या पिशव्या तिच्यापुढे कोंबू नका, आणि जाळी अधूनमधून साफ करा. मांडव्याच्या रो-रोने किंवा आगरदांडा-दिघी फेरीबोटीने प्रवास झाला, की गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. खाऱ्या हवेत पत्रा लवकर गंजतो. पुळणीवर तर गाडी उतरवूच नका.