सिसलॉग

संगणकात चालू असणाऱ्या आज्ञावली आपल्या कामकाजाच्या नोंदी ज्या ठराविक स्वरूपाच्या संदेशांनी स्थानिक फाइलीत साठवितात अथवा जाळ्यातून दुसऱ्या संगणकाकडे पाठवितात, त्या पद्धतीस सिसलॉग असे म्हणतात. १९८० नंतरच्या दशकात एरिक ऑलमन यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सेंडमेल या टपाल-आज्ञावलीसाठी ती तयार केली. पुढे युनिक्स प्रणालीतील इतर आज्ञावलींनी व राउटरसारख्या उपकरणांनीही ती स्वीकारली. तिचे लेखी वर्णन मात्र बरेच उशिरा, २००१ मध्ये आरएफसी ३१६४ या दस्तऐवजात झाले; प्रमाण स्वरूप २००९ मध्ये आरएफसी ५४२४ ने ठरविले.

संदेशाच्या आरंभी कोनी कंसात अग्रता-अंक असतो. संदेश ज्या विभागातून निघाला त्याच्या क्रमांकास (० ते २३) ८ ने गुणून त्यात तीव्रतेचा क्रमांक (० ते ७, ० सर्वांत गंभीर) मिळविला म्हणजे हा अंक येतो. उदा., ३४ म्हणजे सुरक्षाविषयक विभाग (४) व गंभीर स्थिती (२). त्यानंतर वेळ, संगणकाचे नाव व मजकूर येतो. जुन्या स्वरूपात वेळेसोबत वर्ष व कालविभाग नसे. त्यामुळे अनेक संगणकांच्या नोंदी एका क्रमाने लावणे कठीण जाई.

नोंदी दुसरीकडे पाठविण्याचे महत्त्व उघड आहे. संगणकात शिरलेला घुसखोर प्रथम तेथील नोंदीच पुसतो; तबकडी बिघडल्यासही त्या जातात. दूरच्या संगणकावर आधीच पोहोचलेली प्रत मात्र शिल्लक राहते. परंतु मूळ पद्धत यूडीपी या वहननियमावर व ५१४ क्रमांकाच्या द्वारावर चाले, आणि यूडीपीत पोच नसते. जाळ्यावर ताण पडला की संदेश निमूटपणे गळतात. म्हणजे बिघाडाच्या वेळी, जेव्हा नोंदींची सर्वाधिक गरज असते, नेमक्या तेव्हाच त्या हरवण्याचा संभव अधिक.

टीसीपी वापरल्याने हा दोष कमी होतो, पण संपत नाही, हे पुष्कळदा ध्यानात घेतले जात नाही. पाठविण्याची क्रिया यशस्वी झाली याचा अर्थ मजकूर पाठविणाऱ्याच्याच कार्यकारी प्रणालीच्या साठ्यात गेला, एवढाच असतो. दुसऱ्या टोकाने जोडणी बंद केली असली तरी त्यानंतरचे पहिले लेखन बहुधा यशस्वीच दिसते, चूक कळते ती पुढच्या वेळी. मधला संदेश गेलेला असतो. याकरिता रेल्प या नियमात ग्राहक आज्ञावली स्वतः प्रत्येक संदेशाची पोच देते.

टीसीपीमुळे एक वेगळी अडचणही उद्भवते. ग्राहक मंदावला की साठा भरतो आणि मग मूळ आज्ञावली, उदा., बँकेचे व्यवहार नोंदविणारी, केवळ नोंद पाठविण्यासाठी थांबून राहते. अशा वेळी थांबावे की संदेश टाकून द्यावेत, हे आधीच ठरवावे लागते. सामान्यतः नोंदी आधी स्थानिक तबकडीवर रांगेत साठवून वेगळ्या प्रक्रियेने पाठविणे श्रेयस्कर ठरते. रांगही भरू शकते, म्हणून तिची कमाल मर्यादा निश्चित करतात. मजकुरात गोपनीय माहिती असल्यास ६५१४ या द्वारावरून टीएलएसने सांकेतिक रूपात पाठविण्याची सोय आरएफसी ५४२५ (२००९) मध्ये केलेली आहे.